गामाचा प्रतिस्पर्धी आणि काळोखातला सिनेमा

लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या स्टेडियममध्ये १० सप्टेंबर १९१० रोजी लागलेली कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली, तरी तिचा निकाल लागला नाही. एका बाजूला हिंदुस्थानचा गामा, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. दुसऱ्या बाजूला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को, वजनानं गामाहून कितीतरी भारी. खडाखडी झाली आणि सुरुवातीलाच गामानं त्याला खाली घेतलं. त्यानंतर झबिस्कोनं जे केलं त्यानं प्रेक्षकच वैतागून गेले. तो पोटावर पालथा पडला, हातपाय पसरले आणि गादीला चिकटून राहिला. गामा पाठीवर बसून मान वळवतोय, काखेतून हात घालून उलटवायला बघतोय, कमरेला कव घालून उचलायला बघतोय. ते धूड काही उलटेना. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि १७ सप्टेंबरला पुन्हा लावायचं ठरलं. त्या दिवशी गामा लंगोट कसून हजर होता. झबिस्को आलाच नाही. विजेत्याचा जॉन बुल पट्टा गामाच्या कमरेला बांधला गेला.

गामाची ही गोष्ट आपल्याकडच्या तालमींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. झबिस्कोची पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. चाळीस वर्षांनी, सत्तरीच्या घरात आलेला हाच झबिस्को एका सिनेमात उभा राहिला. १९५० साली आलेल्या ज्यूल्स डासिनच्या ‘नाइट अँड द सिटी’मध्ये त्यानं ग्रेगोरियस नावाच्या म्हाताऱ्या मल्लाचं काम केलं. पैशासाठी चाललेली खोटी कुस्ती बघून ज्याचा जीव जळतो आणि खऱ्या कुस्तीसाठी जो शेवटी प्राण देतो, असा मल्ल. जो माणूस गामासमोर उठून उभा राहायला तयार नव्हता, त्याच्याच तोंडून सिनेमानं कुस्तीच्या इमानाची भाषा वदवली. आणि ती त्याला शोभली. असं का झालं, आणि त्याच काळात आपल्याकडचा पैलवान पडद्यावर अगदी वेगळ्या जागी कसा जाऊन बसला, हे समजून घ्यायला पुन्हा १९१० सालाकडे जावं लागतं.

त्या वेळी युरोपात कुस्ती नाट्यगृहांतून, तिकिटं लावून, भिंतीवर मोठाली चित्रं चिकटवून चालायची. मल्लाला आश्रय देणारा राजा नव्हता. तिकीट विकणारा प्रमोटर होता. आपल्याकडे नेमकं उलट. गामा वाढला तो संस्थानिकांच्या खुराकावर. त्याला आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष याला इंग्लंडला नेलं ते बेंजामिन नावाच्या प्रमोटरनं, खर्च उचलला शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकानं. लंडनला पोचल्यावर गामाची उंची बघून त्याला स्पर्धेत घ्यायलाच नकार मिळाला. तेव्हा त्यानं जाहीर आव्हान दिलं की, कुठल्याही वजनाचे तीन मल्ल अर्ध्या तासात पाडून दाखवतो. आधी हे सगळ्यांना थोतांड वाटलं. मग अमेरिकेचा डॉक्टर रोलर पुढे आला आणि गामानं त्याला दोनदा चीत केलं. इमामबक्षनं स्विस मल्ल जॉन लेम याला पाडलं. त्यानंतर झबिस्कोची जोड लागली.

दोनच वर्षांनी इमामबक्ष कोल्हापुरात होता. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि आपल्या मल्लांसाठी असं काही बांधायचं मनात घेतलं. त्यातून खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी वर चढत जाणारी बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही लाल मातीतला डाव स्वच्छ दिसावा अशी रचना. १९१२ मध्ये या मैदानाचं उद्‌घाटन झालं ते इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीनं, आणि इमामबक्षनं ती मारली. लंडनला जॉन लेमला पाडणाऱ्या मल्लाची कुस्ती कोल्हापूरकरांनी आपल्या गावच्या मातीत बघितली. मला या घटनेचं मोल फार वाटतं. कुस्तीतलं जग तेव्हा किती जवळ आलं होतं, हे तिच्यातून दिसतं.

त्याच कोल्हापुरात थोड्याच वर्षांत सिनेमा जन्माला आला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. गोष्ट कीचकवधाची. भीम झाले होते बाळासाहेब यादव आणि कीचक झुंझारराव पवार. पुण्यात चित्रपट बघून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. कीचकाच्या वधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की, प्रेक्षकांना तो सोसेना आणि पुढे तो कापावा लागला.

या प्रसंगाकडे नीट बघा. रात्र आहे. नृत्यशाळेत अंधार आहे. लोभानं आंधळा झालेला माणूस एका बाईच्या निरोपावर तिथं येतो. पलंगावर ती नाही, तिच्या जागी पांघरूण घेऊन भीम पडला आहे. मग दोन बलदंड देहांची झुंज आणि एकाचा चेंदामेंदा. अमेरिकन सिनेमानं चाळीसच्या दशकात ज्या गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या, त्यातलं जवळजवळ सगळं साहित्य इथं हजर आहे: काळोख, मोह, सापळा आणि मरण. फरक एवढाच की, आपल्या गोष्टीत ताकदीचा माणूस धर्माच्या बाजूला आहे. हा फरक पुढे फार लांबवर गेला.

इकडे कोल्हापूरची मैदानं भरत होती, तेव्हा अमेरिकेत कुस्तीचं काय झालं होतं? झबिस्को पहिल्या महायुद्धानंतर तिथंच होता. १९२१ मध्ये त्यानं ‘स्ट्रँग्लर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एड लुईसला हरवून जागतिक विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच वर्षी ते गमावलं. तोवर हा धंदा मोजक्या लोकांच्या हातात गेला होता. लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी मल्लांचे जथे बांधले, गावोगाव कार्यक्रम लावले आणि कोण कधी जिंकणार हेही तेच ठरवू लागले. लोकांना नवा चेहरा हवा म्हणून त्यांनी वेन मन नावाचा फुटबॉलपटू आणला. उंची साडेसहा फूट, दिसायला दणकट, कुस्तीत कच्चा. जानेवारी १९२५ मध्ये लुईस ठरल्याप्रमाणे त्याच्याकडून हरला आणि मन विश्वविजेता झाला.

१५ एप्रिल १९२५. फिलाडेल्फिया. मनला आणखी एक मोठं नाव पाडायला द्यायचं म्हणून झबिस्कोला बोलावलं होतं. त्यानं हरायचं, हे ठरलेलं होतं. पण झबिस्को आतून विरोधी गटाला, जो स्टेकरच्या बाजूला, मिळाला होता. घंटा वाजली आणि त्यानं खरी कुस्ती सुरू केली. मन गोंधळला. झबिस्कोनं त्याचे खांदे गादीला टेकवले. पंच काणाडोळा करू लागला. त्यानं पुन्हा टेकवले. इतक्यांदा टेकवले की, हजारो लोकांसमोर पंचाला नाही म्हणणं अशक्य झालं. झबिस्को विश्वविजेता झाला आणि मे महिना संपायच्या आत त्यानं ते पद स्टेकरला देऊन टाकलं. म्हणजे त्या रात्रीची कुस्ती खरी होती, पण ती खरी व्हावी यामागंही सौदाच होता. पुढे झबिस्कोला पडद्यावर उभं करणाऱ्या सिनेमाचा सगळा विषय या एका रात्रीत आलेला आहे.

तीन वर्षांनी तो पुन्हा गामासमोर आला. जानेवारी १९२८, पतियाळा. महाराजा भूपिंदरसिंग यांनी खास मैदान बांधून घेतलं होतं. दोघेही आता पन्नाशीच्या आसपास. या वेळी झबिस्कोला पालथं पडायला सवडच मिळाली नाही. सलामी झाली, हात भिडले आणि मिनिटाच्या आत गामानं त्याला अस्मान दाखवलं. निकाली कुस्ती म्हणतात ती ही. अठरा वर्षांचं उत्तर मिनिटाच्या आत मिळालं. झबिस्को परत गेला. पुढे कुस्तीतून बाजूला होऊन अमेरिकेत शेतावर राहू लागला.

चाळीसच्या दशकात हॉलिवूडमध्ये एका जातीचे चित्रपट एकामागून एक येत होते. रात्रीचं शहर, ओले रस्ते, भिंतीवर लांबलेल्या सावल्या, आणि असा नायक जो पहिल्या दृश्यापासूनच हरलेला असतो. १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यानं त्यांना ‘फिल्म नुआर’ म्हणजे काळा चित्रपट असं नाव दिलं. जागतिक मंदी आणि महायुद्ध सोसलेल्या समाजाचा हा सिनेमा होता. सगळंच विकाऊ आहे, कायदा, प्रेम, मैत्री, हा त्याचा संशय. अशा सिनेमाला कुस्तीचा धंदा सापडला नसता तरच नवल.

आधी मल्ल आला तो दांडगट म्हणून. १९४४ च्या ‘मर्डर, माय स्वीट’मध्ये मूस मलॉय हे पात्र आहे. तुरुंगातून सुटलेला अवाढव्य माणूस आपल्या जुन्या प्रेयसीला शोधत शहरभर फिरतो आणि ज्याला हात लावतो ते मोडतं. ते काम माइक मझुर्कीनं केलं. हा खराखुरा व्यावसायिक मल्ल, साडेसहा फुटांच्या आसपास उंच, कान कुस्तीनं चेपलेले, आणि मॅनहॅटन कॉलेजचा पदवीधर. १९४७ च्या ‘नाइटमेअर अ‍ॅली’तही तो जत्रेतला ताकदवान माणूस झाला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून प्रेक्षक घाबरत, पण मलॉयचं दुःख मझुर्कीनं असं काही दाखवलं आहे की, चित्रपट संपल्यावर भीती मागे पडते आणि कीव उरते.

डासिनचा ‘नाइट अँड द सिटी’ याच्या पुढे गेला. त्यानं मल्लाला गोष्टीच्या कडेवरून मध्यावर आणलं. गेराल्ड कर्शच्या १९३८ मधल्या कादंबरीवरून हा चित्रपट घेतला होता. डासिनवर तेव्हा कम्युनिस्ट असल्याचा ठपका येऊ घातला होता. हॉलिवूडमध्ये काळ्या याद्या चालू होत्या. ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सच्या डॅरिल झॅनकनं त्याला लंडनला पाठवलं ते यातूनच. आपल्याला मायदेशी पुन्हा काम मिळणार नाही हे मनात ठेवून त्यानं हा चित्रपट केला, आणि पुढे कित्येक वर्षं तसंच झालं. ग्रेगोरियससाठी त्याला झबिस्कोच हवा होता. तो वारला असावा असाच त्याचा समज होता. प्रत्यक्षात म्हातारा कोंबड्या पाळून राहत होता.

गोष्ट अशी. हॅरी फेबियन हा लंडनमधला भुरटा दलाल. रिचर्ड विडमार्कनं तो केला आहे. झटपट मोठं होण्याच्या नादात त्याची नजर कुस्तीवर जाते. पण लंडनची सगळी कुस्ती क्रिस्टो नावाच्या माणसाच्या मुठीत आहे. या क्रिस्टोचा बाप म्हणजे ग्रेगोरियस, ग्रीको-रोमन कुस्तीतला एके काळचा महान मल्ल. मुलानं चालवलेला तमाशा बघून तो चिडून बाहेर पडतो, आणि फेबियन नेमका तिथंच उभा असतो. खरी कुस्ती लावू या, म्हणतो. म्हातारा भुलतो. बाप ज्याच्या बाजूला आहे त्याला क्रिस्टो हात लावू शकत नाही, हा फेबियनचा हिशेब. पैसे कमी पडतात म्हणून तो ग्रेगोरियसच्या शिष्याची जोड स्ट्रँग्लर नावाच्या दारुड्या मल्लाशी लावायला जातो. हा स्ट्रँग्लर म्हणजे आपला मझुर्की.

मग ते दृश्य येतं. कुस्ती मैदानात लागतच नाही. सरावाच्या खोलीत, प्रेक्षक नसताना, स्ट्रँग्लर दारूच्या तारेत म्हाताऱ्याला नको ते बोलतो आणि ग्रेगोरियस रिंगणात उतरतो. मिनिटांमागून मिनिटं कॅमेरा तिथंच राहतो. दोन जड देह एकमेकांवर रेलतात, दोरांवर आदळतात, घामानं हात सटकतात, पुन्हा मिठी पडते. कुणी सफाईदार डाव टाकत नाही. पकड सैल पडते की नाही एवढंच बघायचं. शेवटी म्हातारा समोरच्याला कव घालून इतकं आवळतो की, त्याचा दम जातो. ग्रेगोरियस जिंकतो. बाजूच्या खोलीत जाऊन तो मुलाच्या हातांत मरतो. क्रिस्टो फेबियनच्या डोक्यावर बक्षीस लावतो आणि सकाळ होता होता स्ट्रँग्लरच त्याला मारून थेम्समध्ये टाकतो.

हा झगडा बघताना मला लंडनचाच १९१० चा झबिस्को आठवतो आणि फिलाडेल्फियाचाही. हा माणूस साधुपुरुष नव्हता. गामासमोर त्यानं कुस्ती चुकवली, आणि अमेरिकेत सौद्याची कुस्ती केली. पण कुस्ती येत होती त्याला, आणि ज्याला येत नाही अशाला विश्वविजेता केल्यावर काय होतं, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. ग्रेगोरियसच्या डोळ्यांतला संताप त्यामुळे उसना वाटत नाही. आणखी एक गोष्ट: झबिस्को आणि मझुर्की दोघेही जन्मले ते तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या गॅलिशिया प्रांतात. दोन स्थलांतरितांची मुलुखगिरी लंडनमधल्या एका बंद खोलीत समोरासमोर आली होती.

याच सुमारास मुंबईतही काळोखाचा सिनेमा सुरू झाला. देव आनंदच्या नवकेतनसाठी गुरुदत्तनं १९५१ मध्ये ‘बाजी’ केला. पाठोपाठ ‘आरपार’, ‘टॅक्सी ड्रायव्हर’, १९५६ मध्ये राज खोसलाचा ‘सी. आय. डी.’ आला. क्लब, जुगार, सिगारेटचा धूर, सगळी सामग्री तीच. पण यांत पैलवान कुठं आहे? जवळजवळ नाहीच. के. एन. सिंगसारखा खलनायक सुटाबुटातला, हळू आवाजात बोलणारा, मारामारी मुठीची. याचं कारण मला असं दिसतं की, आपल्या पैलवानाभोवती तेव्हा दुसरंच वलय होतं. आमच्या भोकरदन तालुक्यात काय किंवा साताऱ्या-कोल्हापुरात काय, तालीम मारुतीच्या देवळाला लागून असते. लंगोट बांधण्याआधी मूर्तीला हात जोडायचे, अंगाला माती लावायची, वस्तादाच्या पाया पडायचं. लंगोटाचा सच्चा हा पैलवानाला दिलेला सर्वांत मोठा मान. अशा माणसाला जुगाराच्या अड्ड्यावर भाड्याचा गुंड म्हणून उभं करणं प्रेक्षकालाही पटलं नसतं.

मात्र प्रमोटरची कुस्ती मुंबईत येऊन थडकली होती. संस्थानं गेली. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, पतियाळाही गेलं. गामा फाळणीनंतर लाहोरला राहिला आणि १९६० मध्ये तिथंच वारला. खुराक कोण देणार, हा प्रश्न देशभरच्या तालमींपुढे उभा राहिला. त्याला दोन उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर फ्रीस्टाइलचं, म्हणजे प्रमोटरनं तिकिटं लावून चालवलेल्या कुस्तीचं. अमृतसरजवळच्या धर्मूचक गावचा दारासिंग सिंगापूरला जाऊन तिथल्या व्यावसायिक कुस्तीत नाव कमावून आला होता. त्याच्याशी ज्याची जोड लोकांनी डोक्यावर घेतली तो किंगकाँग, म्हणजे हंगेरियन वंशाचा एमिल झाया. पोटाचा घेर बघूनच लोक अचंबित व्हायचे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये उजेडाच्या झोतात रिंगण, चारी बाजूंना दोर. गिरणगावात सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कामगारांच्या तालमी होत्या. खरी कुस्ती म्हणजे काय हे जाणणारी ही माणसं. पण मोठ्या देहाच्या परदेश्याला आपला माणूस डोक्यावर उचलून फिरवतोय, हे बघायची भूक स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत फार मोठी होती आणि फ्रीस्टाइलनं ती भागवली.

दुसरं उत्तर महाराष्ट्रानं स्वतः शोधलं. १९५२ मध्ये गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले. पैसे उभे करायला गावोगाव हात पसरावे लागले; राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. मातीत वाढलेला हा मल्ल गादीवर उतरला, जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरला, पुरेशी विश्रांती न मिळताच सोव्हिएत मल्लासमोर उभा केला गेला, आणि तरी कांस्यपदक घेऊन आला. कराडहून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक बैलगाड्यांनी निघाली. पुढच्याच वर्षी मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. १९६१ मध्ये पहिला महाराष्ट्र केसरी निवडला गेला तो आमच्या औरंगाबादेत, आणि किताब मिळवला दिनकर दह्यारी यांनी. तेव्हा भोकरदन आणि जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होते. जालना जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये.

या दोन वाटांपैकी सिनेमानं उचलली ती पहिली. १९६२ मध्ये बाबूभाई मिस्त्रींचा ‘किंगकाँग’ आला, नायक दारासिंग. हरवलेल्या प्रतिस्पर्ध्याचं टोपणनावच चित्रपटाचं नाव झालं. पुढच्या वर्षी ‘फौलाद’. त्यात मुमताज नायिका होती. मोठ्या नायिका पैलवानाबरोबर काम करायला तयार नव्हत्या, आणि या जोडीनं नंतर डझनाहून जास्त चित्रपट केले. ‘सॅमसन’, ‘रुस्तम-ए-हिंद’, ‘सिकंदर-ए-आझम’ आले. शहरातल्या मोठ्या थिएटरांत यांना मान नव्हता, पण तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये हेच चालत. जत्रेत एका बाजूला हलगी कडकडतेय, नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामाच्या जोडीपर्यंत फड रंगलाय, आणि रात्री पलीकडच्या तंबूत पांढऱ्या कापडावर दारासिंग राक्षसाला उचलून आपटतोय. गावच्या पोरांनी दिवसा जे बघितलं तेच रात्री दहापट मोठं होऊन दिसायचं.

१९६५ मध्ये मिस्त्रींच्याच ‘महाभारत’मध्ये दारासिंग भीम झाला, १९७६ च्या ‘बजरंगबली’त हनुमान, आणि १९८७ मध्ये रामानंद सागर यांच्या ‘रामायण’मध्ये पुन्हा हनुमान. पेंटरांच्या ‘सैरंध्री’पासून निघालेली रेघ इथं येऊन पोचते. आपला पैलवान पडद्यावर भीम झाला आणि अखेर तालमीच्या गाभाऱ्यातल्या देवाच्या जागी जाऊन बसला. अमेरिकेत तो मूस मलॉय झाला होता.

झबिस्को सप्टेंबर १९६७ मध्ये मिसूरी राज्यात वारला. शेतावरच्या शेवटच्या काळात त्यानं काही तरुणांना कुस्ती शिकवली. त्यातला हार्ली रेस पुढे अनेकदा व्यावसायिक विश्वविजेता झाला. त्यानंतर आठच महिन्यांनी, २९ मे १९६८ ला, मुंबईत दारासिंगनं अमेरिकेच्या लू थेसला हरवून विश्वविजेतेपद मिळवलं. थेस तेव्हा बावन्न वर्षांचा होता. पुढे आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की, दारा अस्सल कुस्तीगीर होता, उत्तम तयारीचा, आणि त्याच्याकडून हरायला आपली काही हरकत नव्हती. व्यावसायिक कुस्तीची भाषा जाणणाऱ्याला या वाक्यातून बरंच कळतं. दाराला कुस्ती येत होती यात शंका नाही. पण निकाल कसा लागायचा हे त्या धंद्यात कुस्तीवर सोपवलेलं नसे. माझ्या मते यानं दारासिंगचं मोठेपण उणं होत नाही. त्यानं कुस्ती हा शब्द अशा घराघरांत नेला जिथं तालीम कधीच पोचली नव्हती.

नुकसान झालं ते दुसरीकडे. पैलवानाला देव केल्यावर त्याचा माणूस म्हणून सिनेमा करायचं राहून गेलं. नूरा कुस्तीची तक्रार आपल्या मैदानांना नवी नाही. इनाम वाटून घ्यायचं ठरवून केलेली बरोबरी, बघणाऱ्यांनी ओळखून केलेला गलका, म्हणून तर जाहिरातीत ‘कुस्ती निकाली होईल’ असं छापावं लागतं. उतारवयात खुराक सुटलेला, गुडघे गेलेला, पोरांना शिकवत बसलेला वस्ताद प्रत्येक तालुक्यात आहे. कोल्हापुरात तालीम आणि स्टुडिओ एकाच गावात होते. भालजी पेंढारकरांसारखा दिग्दर्शक होता, चंद्रकांत आणि सूर्यकांत मांडरे यांच्यासारखे कसलेल्या अंगाचे नट होते. त्यांनी आपल्याला मावळे दिले, इतिहास दिला, गावरान गोष्टी दिल्या. ग्रेगोरियस दिला नाही. डासिनला जे लंडनमध्ये जाऊन, कोंबड्या पाळणाऱ्या म्हाताऱ्याला शोधून करावं लागलं, ते इथं खासबागच्या दारात उभं होतं.

हिंदीनं हा विषय फार उशिरा हाताळला. २०१६ मध्ये ‘सुलतान’ आणि ‘दंगल’ एकाच वर्षी आले. ‘सुलतान’मध्ये मातीतला मल्ल प्रमोटरच्या रिंगणात जातो, पण चित्रपटाला त्या धंद्याच्या काळोखात शिरायचं नाही, त्याला जिंकायचं आहे. मराठीत नागराज मंजुळे यांनी ‘खाशाबा’ करायला घेतला.

मैदानानं मात्र आपली वाट धरून ठेवली. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्यात भरली. माती विभागातून आलेला बाला रफिक शेख आणि गादी विभागातून आलेला अभिजीत कटके अंतिम कुस्तीत समोरासमोर होते. कुस्ती गादीवर झाली, निकाल गुणांवर लागला, आणि गदा बाला रफिकनं उचलली.